न केलेल्या ऑपरेशनचा चष्मा

आईच्या डोळ्यांवर जो काळा चष्मा होता तो दवाखान्यातला नव्हता. तो मी आठवडी बाजारातून आणला होता, पट्टे, कंगवे आणि मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या माणसाकडून. त्याने आधी मला तरण्या पोरी घालतात तसले चष्मे दाखवले. मला मोठा, बाजूंनी बंद, नाकावर जड बसणारा हवा होता. कोणासाठी पाहिजे, त्याने विचारलं. आईसाठी, मी म्हणाले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं वाटते, तो म्हणाला, आणि मी मान हलवल्यावर त्याने ढिगाच्या तळातून बरोबर तसलाच ओढून काढला. त्या सगळ्या धावपळीत एवढी एकच गोष्ट मला न अडवता मिळाली.

आई समुद्रपूर तालुक्यातल्या एका लहान गावात एकटी राहते. घराला लागूनच विहार आहे. मी लग्नानंतर वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेला आले. घरीच ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. आईला एचआयव्ही आहे हे मला, माझ्या नवऱ्याला आणि जिथून तिच्या गोळ्या मिळतात तिथल्या लोकांना माहीत होतं. बाकी कोणाला नाही. बाबा गेले तेव्हा गावात टीबी सांगितला होता आणि गावाने तो मानला. आई तेव्हापासून रोज जेवण झालं की गोळी घेते. गोळ्यांच्या डब्या वाजू नयेत म्हणून ती त्यांत कापूस कोंबते, शेतातून वेचताना कनवटीला लावून आणलेला. गोळ्या देणाऱ्या समुपदेशक बाई तिला नेहमी म्हणायच्या, आजी, तुमच्या रक्तात आता तो विषाणू शोधूनही सापडत नाही. आई यावर खूश व्हायची. तपासणीतही सापडत नाही म्हणजे गावाला तर कधीच सापडणार नाही, असा तिचा हिशेब होता.

मग डोळे गेले. म्हणजे गेले नाहीत, धूसर झाले. उजवा जास्त, डावा कमी. चुलीवरच्या भाकरीची कड जळायला लागली. कापूस वेचताना बोंडाऐवजी पानाला हात जायला लागला. गावात मोतीबिंदूचं शिबिर आलं तेव्हा मला इतकं हायसं वाटलं, की मी मशीनवरचं काम तसंच टाकून गावी गेले. फुकट ऑपरेशन, फुकट चष्मा, जायला-यायला गाडी. तपासणी विहारातच होती. ज्यांचा डोळा ठरला त्यांच्या त्या डोळ्याच्या वर, कपाळावर, चिकटपट्टीचा पांढरा तुकडा लावत होते. उजव्या डोळ्याचा असेल तर उजवीकडे. आईच्या कपाळावर पट्टी लागली आणि ती विहाराच्या पायरीवर जाऊन बाकीच्या बायांमध्ये बसली. नवरीला हळद लागल्यासारख्या त्या सगळ्या लाजत होत्या. एकमेकींच्या पट्ट्या बोटाने चाचपून बघत होत्या.

दवाखाना जिल्ह्याबाहेरचा होता. धर्मादाय, मोठा, स्वच्छ. नाव घेत नाही, घेऊन काही फायदाही नाही. सोबतीला म्हणून मी गाडीत बसले. संध्याकाळी पोचलो, वॉर्डात खाटा मिळाल्या, वरण-भात मिळाला. सकाळी सिस्टर एकेकीला विचारत आली, कोणती गोळी रोज घेता का, बीपीची, शुगरची? आमची आई खरं बोलली. इतकी वर्षं सगळ्या जगाशी लपवाछपवी केली, पण दवाखान्यात डॉक्टरपासून लपवायचं नसतं असं तिला समुपदेशक बाईंनी सांगितलं होतं आणि तिने ते मनावर घेतलं होतं. तिने सिस्टरला जवळ बोलावलं, पदराआडून डबी काढून दाखवली. सिस्टरने डबी वाचली आणि परत दिली. शेजारच्या खाटेवरच्या आजीला बीपीची गोळी कोणत्या रंगाची हे ती नंतर खूप वेळ विचारत बसली.

थोड्या वेळाने शिबिराचे समन्वयक आले. सभ्य माणूस, सगळ्यांना आजी-आजोबा म्हणणारा. त्याने आम्हा दोघींना व्हरांड्यात बोलावलं.

"ताई, आईंची साखर वाढलेली आहे," तो म्हणाला. "आज नाही करता येणार. पुढच्या शिबिरात बघू."

आईला साखर कधीच नव्हती. तेवढ्या वेळात कोणी तिची साखर तपासलीही नव्हती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी विचारलं, साखर की गोळ्या? तो इकडे-तिकडे बघून हळू आवाजात म्हणाला, ताई, समजून घ्या, एका दिवसात इतके पेशंट असतात, तीच मशीन, तीच हत्यारं, बाकीच्यांचाही विचार करावा लागतो. मी म्हटलं, हत्यारं प्रत्येक पेशंटनंतर उकळत नाही का तुम्ही? आणि ज्यांना आजार आहे पण स्वतःलाच माहीत नाही, असे तुमच्याकडे येतच नसतील का? खरं सांगितलं तिलाच परत पाठवता? तो ऐकून घेत होता. ऐकून घेण्यात तो माणूस तरबेज होता. माझं बोलून झाल्यावर त्याने आईच्या कपाळावरची पट्टी नखाने उचलली आणि सोलून काढली. पट्टीसोबत दोन-चार केसही आले असावेत, कारण आईने डोळे मिटून घेतले. तो तुकडा त्याने बोटांत गोळी करून खिशात टाकला.

आम्ही गावच्या बायांना साखरच सांगितली. आईचं ऑपरेशन वर्ध्याला मोठ्या डॉक्टरकडे होईल, असंही मीच वर जोडलं. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं. आईला मी सिंदी मेघेला घेऊन आले आणि उंबरे झिजवायला सुरुवात केली. एका ठिकाणी सांगितलं, अशा पेशंटसाठी वेगळा दिवस ठरवावा लागतो. तो दिवस कोण ठरवतं हे मात्र कोणाला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, नागपूरला न्या. खाजगीत करायची आमची ऐपत नव्हती. सगळीकडे मी तेच बोलत होते, सगळीकडे माझ्याकडे त्याच कनवाळू नजरेने बघत होते. कोणी धडपणे नाही म्हणालं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

शेवटी मी समुपदेशक बाईंकडे गेले. त्या चिडल्या. म्हणाल्या, असं कोणी नाकारू शकत नाही, याच्यासाठी कायदा झालेला आहे. उपचार नाकारला तर तक्रार करता येते. मी लिहून देते, तुम्ही सही आणा, आईचं नाव कुठेही बाहेर येणार नाही. मी घरी उड्या मारत आले म्हणा ना. आई मशीनजवळ बसून माझ्या चिंध्या चाचपून रंग ओळखायचा प्रयत्न करत होती. मी तिला सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं.

"नाव गुपित राहीन," ती म्हणाली, "पण चौकशीची जीप तं गावातच येईन ना."

मी तिच्याशी भांडले, दोन दिवस अबोला धरला. काही उपयोग झाला नाही. तिच्या डोळ्यांसमोर शेजारच्या गावातली एक बाई होती, जिचा आजार फुटला होता. तिला वेचणीला कोणी आपल्या तासात, आपल्या ओळीत घेईना, तिचा पाण्याचा गडू वेगळा ठेवला. आणि आमच्या आईचं असं, की बुद्धपौर्णिमेची खीर विहारात दरवर्षी तिच्या हातची. मोठ्या गंजात, पहाटेपासून ढवळलेली. सगळी वस्ती त्या खिरीसाठी द्रोण धरून उभी असायची. त्या खिरीसाठी तिने डोळा पणाला लावला म्हटलं तर चुकीचं होणार नाही. मला तेव्हा तो निव्वळ हट्ट वाटत होता.

ती गावी परत जायला निघाली तेव्हाच चष्म्याचा प्रश्न आला. बाकीच्या बाया कधीच काळे चष्मे लावून गावात आल्या होत्या.

"अशीच गेली तं लोक विचारतीन," आई म्हणाली. "तसाच चष्मा आणून दे मले."

म्हणून मी बाजारात गेले.

आमच्याकडे डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाचा थाट असतो. त्याला चुलीपुढे बसू देत नाहीत, वाकू देत नाहीत, डोक्यावरून पाणी घेऊ देत नाहीत. शेजारपाजारच्या बाया डोळा बघायला येतात आणि येताना शिरा नाहीतर दूध आणतात. आणि एका शिबिराला गेलेल्या सगळ्या जणी 'एका गाडीच्या' म्हणवतात. त्यांचं एकमेकींशी नातंच जुळतं. दुपारी विहाराच्या ओट्यावर ओळीने बसायच्या, सगळ्यांच्या डोळ्यांवर काळे चष्मे, आणि एकमेकींच्या डोळ्यांत थेंब टाकायच्या. आईला हे सगळं मिळालं. शिरा मिळाला, दूध मिळालं, ओट्यावर जागा मिळाली. तिच्याकडे थेंब नव्हते, तर तिने कोणाची तरी रिकामी बाटली धुऊन त्यात उकळून गार केलेलं पाणी भरलं. हे मला पुष्कळ उशिरा कळलं. एका गाडीच्या बाया आईच्या डोळ्यात पाणी टाकत होत्या आणि आई डोळे चोळत चुरचुरते म्हणत होती.

मी अधूनमधून जाऊन बघून यायचे. एकदा ओट्यावर मीही बसले होते. शेजारच्या आजी, ज्यांच्या आणि आमच्या अंगणात कुंपणसुद्धा नाही, आपल्याला आता काय काय दिसतं त्याचा पाढा वाचत होत्या. सुईत दोरा ओवता येते, तांदळातला खडा दिसते, विहारातल्या पंख्यावरची धूळ दिसते. मग त्यांनी आईला विचारलं, तुले काय काय दिसते वो?

"तुह्या लुगड्याचा काठ दिसते," आई म्हणाली. "हिरवा हाये."

आजी एकदम खूश झाल्या. त्या नेहमी हिरव्या काठाचंच नेसतात, हे गावातल्या शेळ्यांनाही माहीत असेल. आई अशीच निभावून नेत होती. आवाजावरून माणूस ओळखायची, पावलांवरून अंतर. कोणी फोटो पुढे केला तर छान आला म्हणायची. मला तिचं कौतुक वाटावं की कपाळ बडवून घ्यावं, समजत नव्हतं. एकदा मी तिला घरात नेऊन म्हटलं, आई, पुरे कर हे नाटक. ती म्हणाली, पुढच्या शिबिरात डावा डोळा दाखवू, तेव्हा गोळ्याचं नाई सांगणार मी. म्हणजे पुढच्या वेळी खोटं बोलायचं, हा धडा ती दवाखान्यातून शिकून आली होती.

ऑपरेशन झालं म्हटल्यावर वेचणीचं बोलावणंही आलं. नाही म्हणायला कारण उरलं नव्हतं. ती गेली. बोटांनी बोंड चाचपून वेचायची, आणि हाताला लागेल ते ओटीत जायचं. ज्यांच्या शेतात ती आयुष्यभर वेचायला गेली, त्या मालकाने माप घेताना तिचा कापूस उचकून बघितला. "ऑपरेशन झालं ना काकू," तो म्हणाला, "मंग इतका पाला काऊन येऊन राह्यला?" आईने त्याला काहीबाही सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ती गेली नाही. मला तिने पाठ दुखते म्हणून सांगितलं होतं. खरं काय ते मालकाच्या बायकोकडून कळलं.

मग उजवा डोळा दुखायला लागला.

ती लगेच बोलली नाही. ऑपरेशनचा डोळा थोडा दुखतच असतो, असं ओट्यावरच्या बाया म्हणत होत्या, आणि आईचं ऑपरेशन तर झालेलं होतं. शेजारच्या आजींनी दिलासा दिला, माहाही दुखला होता, थांबते आपोआप. डोकं फुटायची वेळ आली, ओकाऱ्या सुरू झाल्या, तेव्हा त्याच आजींनी मला फोन केला. मी जाऊन चष्मा काढला तर डोळा लालभडक झाला होता आणि बुबुळावर दुधासारखी साय धरलेली. मी तिला पहिल्या एसटीने वर्ध्याला आणलं. रस्ताभर तिने कपाळ समोरच्या सीटच्या दांड्याला टेकवून ठेवलं होतं.

स्टँडच्या जवळ डोळ्यांच्या एक म्हाताऱ्या डॉक्टर बसतात. त्या आता ऑपरेशन करत नाहीत, फक्त तपासतात. यावेळी मी दारातच सगळं सांगून टाकलं: एचआयव्ही, शिबिर, साखर, चष्मा. घ्यायचं तर घ्या, नाहीतर आत्ताच नाही म्हणा, असंही बोलले. माझा तोल गेला होता. बाई म्हणाल्या, बसा आधी. मग त्यांनी आईला खुर्चीत बसवलं, डावा डोळा हाताने झाकला आणि खोली अंधारी केली.

"आजी, उजेड कुठून येतोय सांगा बरं."

आईने हनुवटी वर केली. मग म्हणाली, "डावीकडून."

डॉक्टरांनी अजून टॉर्च लावलाच नव्हता.

मग त्यांनी लावला. डावीकडून, उजवीकडून, वरून, समोरून. आई दर वेळी काहीतरी उत्तर देत होती. ओट्यावर देत होती तसंच, न अडखळता, ठामपणे. मी भिंतीला पाठ लावून उभी होते आणि मला ओरडावंसं वाटत होतं, की आई, इथे नको ग, इथे तरी खरं सांग. शेवटी डॉक्टरांनी टॉर्च खाली ठेवला आणि आईचा हात हातात घेतला. आईला तेवढ्यावरून समजलं. ती म्हणाली, काईच नाई दिसून राह्यलं बाई.

मोतीबिंदू पिकून फुगला होता, त्याने डोळ्यातलं प्रेशर वाढलं आणि नस मेली. वेळेवर काढला असता तर हा डोळा राहिला असता, डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी दुखणं थांबायला औषध दिलं. डाव्यातही मोतीबिंदू वाढतो आहे, त्याचं ऑपरेशन लांबवू नका, तो एकच डोळा उरला आहे. मी विचारलं, कोण करणार? त्या म्हणाल्या, ज्यांनी नाही म्हटलं त्यांच्याकडेच जा, आणि यावेळी नाही ऐकून परत येऊ नका. चांगल्या मनाच्या बाई होत्या. पण नाही ऐकून परत यायचं नसतं तर काय करायचं असतं, हे त्यांनाही सांगता आलं नाही.

घरी येऊन मी रडले. आई रडली नाही, त्याचाही मला राग आला. मी तिला म्हटलं, तुझी लाज एका डोळ्याला पडली, आता दुसराही देणार आहेस का? हे बोलायला नको होतं, पण बोलले, आणि खरंही होतं. आजार झाकायचा की डोळा वाचवायचा, यातलं एकच काहीतरी तिला मिळणार होतं. ओट्यावरच्या इतर कोणाही बाईला अशी निवड करावी लागली नव्हती. त्यांना फक्त गाडीत बसायचं होतं.

काही दिवसांनी शिबिराचे लोक गावात फेरतपासणीला आले. सोबत पुढच्या शिबिरासाठी नवीन नावंही घेणार होते. आई म्हणाली, मले ने. मी विचारलं, गोळ्यांचं काय सांगायचं ठरवलंस? तिने चष्मा लावला आणि दाराकडे निघाली. विहारात सतरंजीवर एका गाडीच्या बाया चष्मे लावून ओळीने बसल्या होत्या. आई सवयीने त्यांच्यातच जाऊन बसली. एक तरुण डॉक्टर एकेकीचा चष्मा काढून बघत येत होता. मागे तोच समन्वयक उभा होता. त्याने आईला ओळखलं, तिचा चष्मा बघितला, आणि त्याचा चेहरा गोंधळून गेला. तो पुढे होऊन डॉक्टरच्या कानात बोलणार, तोच आईने स्वतःच चष्मा काढून सतरंजीवर ठेवला.

"माहं ऑपरेशन झालंच नाई," ती म्हणाली. आवाज फार मोठा नव्हता, पण विहारात घुमतो. "हा चष्मा बजारातला हाये. मले एचआयव्ही हाये, मी गोळ्या घेतो. म्हणून यायनं माहा डोळा केला नाई आणि साखर सांगतली. तो डोळा आता गेला. एक उरला हाये. त्याले नाई म्हणाचं असंन तं इथंच म्हणा, सगळ्यायपुढं."

शेजारच्या आजींच्या हातातली थेंबाची बाटली तशीच वर राहिली होती. मी उठून आईच्या मागे जाऊन उभी राहिले आणि मला येत होतं तेवढं सगळं बोलले: कायदा, तपासणी, रक्तात विषाणू सापडत नाही हे. तरुण डॉक्टरने समन्वयकाकडे बघितलं, समन्वयक सतरंजीकडे बघत होता. इतक्या लोकांपुढे साखर वाढवता येत नव्हती. डॉक्टरने आईचा डावा डोळा तपासला, चिकटपट्टीचा तुकडा फाडला आणि तिच्या कपाळावर डावीकडे लावला. म्हणाला, आजी, तुमचा नंबर शेवटचा राहील, चालेल? आई म्हणाली, चालते.

गावात कोणी एक वाकडा शब्द बोललं नाही. बोललं असतं तर मी उत्तर दिलं असतं. शेजारच्या आजी संध्याकाळी आल्या, आईजवळ बसल्या, तिच्या गेलेल्या डोळ्यासाठी हळहळल्या. मी चहा ठेवला तर म्हणाल्या, आत्ताच घेऊन आली. कप त्यांच्यासमोर गार होत राहिला. ऑपरेशनच्या आधीच बुद्धपौर्णिमा आली. आदल्या दिवशी दोन बाया सांगायला आल्या की यंदा खीर आम्ही करतो, तुमच्या डोळ्याले धूर लागंन. किती प्रेमाने सांगितलं. समन्वयकानेही साखर अशीच प्रेमाने सांगितली होती. आई पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून विहारात गेली, वंदना झाल्यावर द्रोण धरून रांगेत उभी राहिली. खीर पातळ झाली होती, असं तिने मला घरी आल्यावर सांगितलं.

दवाखान्याची गाडी आली तेव्हा आईच्या शेजारची जागा रिकामीच राहिली, म्हणून मी तिथे बसले. तोच वॉर्ड, तोच वरण-भात. सकाळी एकेकाला हिरवे कपडे घालून व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं आणि नावं पुकारायला लागले. बाक हळूहळू रिकामा होत गेला. आई शेवटच्या टोकाला. समन्वयकाचा आवाज तिने दुरूनच ओळखला आणि डावा हात उचलून कपाळावर दाबून धरला, पट्टीवर. तो आमच्यासमोरून गेला, परत आला, पुन्हा गेला. आईने हात काढला नाही. दुपार झाली. तिचं कोपर थरथरायला लागलं, तेव्हा तिने उजव्या हाताने ते कोपर धरलं.

"पट्टी हाये ना?" तिने मला विचारलं.

मी आहे म्हणाले. थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं. शेवटच्या आजोबांना आत नेलं आणि बाकावर आम्ही दोघीच उरलो. दार बंद झालं. आत भांडी वाजल्यासारखा आवाज येत होता. ते आवरत होते की तयारी करत होते, कळायला मार्ग नव्हता. मी उठून विचारायला जाणार होते, पण आईने माझा पदर धरून ठेवला होता.

दार उघडून सिस्टर आली. हातात थेंबाची बाटली होती. म्हणाली, आजी, हात काढा, थेंब टाकायचे आहेत.

"पयले मले आत घ्या," आई म्हणाली. "मंग काढतो हात."

सिस्टरने माझ्याकडे बघितलं, मी तिला समजवावं म्हणून. मी समजावलं नाही. मी आईच्या शेजारी बसले आणि तिच्या हातावर माझा हात दाबून धरला.